वेळापत्रक बदलते तेव्हा

आजचा विषय आपल्या नेहमीच्या वाटेवरचा नाही. अमेरिकेतील विद्यापीठांचे संघ जो फुटबॉल खेळतात तो आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही, आणि त्याचे नियमही आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतील. परंतु एका सामन्याची तारीख हलली तर एका संघाचे सबंध वर्ष कसे हलते, हे पाहावयाचे असेल तर त्या खेळाइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही. म्हणून खेळाच्या बारकाव्यांत फार न शिरता, त्याचे वेळापत्रक एवढीच बाजू आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. चेंडू अंडाकृती असतो. तो हातात घेऊन पळावयाचे किंवा पुढच्या गड्याकडे फेकावयाचे, आणि प्रतिपक्षाने पळणाऱ्याला अंगावर येऊन खाली पाडावयाचे. एका बाजूला अकरा गडी, मैदान शंभर यार्डांचे, खेळ साठ मिनिटांचा. चेंडू फेकणारा व चाल चालविणारा जो मुख्य गडी त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. संघाची मदार बहुतेक त्याच्यावर असते. भरभक्कम देहाची माणसे एकमेकांवर आदळत असल्यामुळे असा सामना आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा खेळणे शरीराला झेपत नाही. म्हणून महाविद्यालयीन सामने मुख्यतः शनिवारी होतात. ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत हंगाम चालतो आणि त्यात एका संघाच्या वाट्याला बारा सामने येतात. २००६ पूर्वी ते बहुधा अकराच असत.

बारा ही संख्या ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यातून निघते. त्याच देशातला व्यावसायिक बेसबॉल संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. तेथे पावसाने एक सामना वाहून गेला तर कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. दुसऱ्या दिवशी दोन खेळून टाकतात. फुटबॉलमध्ये एक सामना म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा. शिवाय विद्यार्थ्याला साधारणपणे चारच हंगाम खेळण्याची मुभा असते. विसाव्या-एकविसाव्या वर्षी आयुष्यातले जे चाळीस-पन्नास सामने वाट्याला येतात, त्यांतला प्रत्येक त्या मुलाला मोजून मिळालेला असतो.

दुसरी गोष्ट आठवड्याची. शनिवारी सामना झाला की रविवारी दुखापतींची तपासणी आणि सामन्याचे चित्रण पाहणे, मंगळवार-बुधवार कसून सराव, शुक्रवारी प्रवास, पुन्हा शनिवार. सरावासाठी आठवड्याला वीस तासांची मर्यादा राष्ट्रीय क्रीडा संघटनेने घालून दिली आहे, कारण उरलेल्या वेळात ही मुले विद्यार्थी असतात, निदान असावीत अशी अपेक्षा असते. या रहाटगाडग्यात मध्ये एखादा मोकळा शनिवार ठेवलेला असतो. सुजलेला गुडघा, निखळलेला खांदा यांना सावरण्याचा तो आठवडा. वेळापत्रक आखताना प्रशिक्षकाचा डोळा प्रतिपक्षाइतकाच त्या मोकळ्या शनिवारावर असतो.

तिसरी गोष्ट मंडळांची. विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या मंडळांत वाटलेली आहेत. बहुतेक सामने आपल्या मंडळातील संघांशी होतात. मोठ्या मंडळांत मंडळाचे विजेतेपद ठरविणारा सामना डिसेंबरच्या आरंभी होतो. त्यानंतर ‘बाउल’ नावाचे निमंत्रणाचे सामने येतात, आणि राष्ट्रीय विजेतेपदाचा निकाल शेवटी लागतो. बाउलचे निमंत्रण मिळण्यासाठी सर्वसाधारण नियमाप्रमाणे निदान सहा विजय लागतात. म्हणजे बारांतून सहा. येथेही एकेका सामन्याचे वजन किती आहे पाहा.

आता सामना पुढे ढकलला म्हणजे काय होते? वरवर पाहता काहीच नाही. तेच दोन संघ, तेच नियम, फक्त दिवस निराळा. आपल्याकडे सभेची तारीख बदलली तर वक्ता तोच असतो आणि भाषणही तेच असते. परंतु खेळातील संघ दर आठवड्याला निराळा असतो. कोणी जायबंदी होतो, कोणी नवशिक्या सहा आठवड्यांत तयार होतो, प्रतिपक्षाच्या चाली साऱ्यांना पाठ होऊन जातात. सप्टेंबरातला सामना डिसेंबरात खेळला तर तो दुसराच सामना होतो.

अशी वेळ मोठ्या राष्ट्रीय आघातांमुळे आली आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, शुक्रवारी, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी इलिनॉय आणि मिशिगन स्टेट या संघांचा सामना ईस्ट लान्सिंग येथे व्हावयाचा होता आणि त्याचा विजेता मानाच्या रोझ बाउलला जाणार होता. पाहुणा संघ गावात येऊन दाखलही झाला होता. सामना ढकलला गेला, संघ परत गेला, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येऊन १३-० असा जिंकला. स्थलसेना आणि नौसेना यांच्या अकादमींचा पारंपरिक सामनाही त्या वर्षी एक आठवडा पुढे गेला व ७ डिसेंबरला झाला. दूरचित्रवाणीवर नुकताच घडलेला प्रसंग तत्काळ पुन्हा दाखविण्याची युक्ती पहिल्याने याच सामन्यात वापरली गेली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

परंतु तारीख बदलल्याचे परिणाम दूरवर कसे पसरतात, हे खरे दिसले ते २००१ साली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर त्या शनिवारचे, म्हणजे १५ सप्टेंबरचे, सामने झाले नाहीत. त्यांत आग्नेयेकडील मंडळाचे दोन महत्त्वाचे सामने होते. एक टेनेसी विरुद्ध फ्लॉरिडा, फ्लॉरिडाच्या घरी गेन्सव्हिल येथे. दुसरा ऑबर्न विरुद्ध ल्युइझिआना स्टेट, बॅटन रूज येथे. दोन्ही सामने १ डिसेंबरला नेले. त्या दिवशी मंडळाचा अंतिम सामना ठरलेला होता. तो एक आठवडा सरकवून ८ डिसेंबरला ठेवावा लागला. कागदावर ही तीन खोडाखोडी झाली. मैदानावर काय झाले ते पाहू.

टेनेसीचा संघ ८ सप्टेंबरला आर्कन्सॉशी खेळला होता. पंधरा तारखेचा सामना गेला, बावीस तारीख आधीपासूनच मोकळी होती. त्यामुळे हंगाम ऐन रंगात येत असताना त्याला तीन आठवडे सामनाच मिळाला नाही. पुढे मात्र २० ऑक्टोबरपासून ८ डिसेंबरपर्यंत त्याला ओळीने आठ शनिवार खेळावे लागले. विश्रांती नको होती तेव्हा मिळाली आणि हवी होती तेव्हा मिळाली नाही. विश्रांतीचे एकंदर दिवस मोजले तर फारसे कमी-जास्त नाहीत. पण उपाशी माणसाला सकाळी दोन जेवणे वाढून रात्री ताट रिकामे ठेवण्यासारखा हा हिशेब झाला.

आता फ्लॉरिडाची बाजू. या संघाचा प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर हा आक्रमक चालींसाठी नावाजलेला. १ डिसेंबर उजाडला तेव्हा त्याचा संघ राष्ट्रीय क्रमवारीत दुसरा होता आणि टेनेसी पाचवा. गेन्सव्हिलला टेनेसी १९७१ पासून जिंकला नव्हता. शिवाय २४ नोव्हेंबरचा शनिवार फ्लॉरिडाला मोकळा होता. टेनेसी त्याच दिवशी व्हँडरबिल्टशी खेळला होता. जाणकारांनी फ्लॉरिडाचे पारडे बरेच जड धरले होते यात नवल नाही. मात्र १७ नोव्हेंबरला फ्लॉरिडा स्टेटशी झालेल्या सामन्यात फ्लॉरिडाचा प्रमुख धावणारा गडी अर्नेस्ट ग्रॅहम जायबंदी झाला होता. सप्टेंबरच्या मूळ तारखेला ही दुखापत अस्तित्वातच नव्हती.

सामना चुरशीचा झाला. टेनेसीच्या ट्रॅव्हिस स्टीफन्सने एकट्याने २२६ यार्ड धाव घेतली. शेवटचे मिनिट-सव्वा मिनिट उरले असता फ्लॉरिडाने टचडाउन करून फरक दोन गुणांवर आणला. बरोबरीसाठी जी दोन गुणांची चाल करता येते ती रेक्स ग्रॉसमनने जबार गॅफनीकडे चेंडू फेकून केली, आणि ती फसली. टेनेसी ३४, फ्लॉरिडा ३२. फ्लॉरिडाचे राष्ट्रीय विजेतेपदाचे स्वप्न तेथेच संपले. स्परियरचा त्या मैदानावरचा फ्लॉरिडाचा प्रशिक्षक म्हणून तो शेवटचा सामना ठरला. जानेवारीत त्याने पद सोडले.

येथे कोणी विचारील की, सप्टेंबरात हाच सामना झाला असता तर फ्लॉरिडा जिंकला असता काय? हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण एवढे खात्रीने म्हणता येते की सप्टेंबरात हरणाऱ्याला वर येण्यासाठी अडीच महिने मिळाले असते. डिसेंबरात हरणाऱ्याला एकही दिवस मिळाला नाही. हंगामाच्या आरंभीचा पराभव हे पोटातले दुखणे असते. अखेरीचा पराभव म्हणजे मानेवरचा घाव. तारीख बदलल्याने पराभवाची किंमत बदलली, आणि मला तर हाच सर्वांत मोठा परिणाम वाटतो.

गोष्ट इथे थांबत नाही. त्याच १ डिसेंबरला ल्युइझिआना स्टेटने ऑबर्नला २७-१४ असे हरविले आणि मंडळाच्या पश्चिम विभागातून अंतिम सामन्याचा हक्क मिळविला. हाही ढकललेलाच सामना. टेनेसी या विजयाने राष्ट्रीय क्रमवारीत दुसरा झाला होता. त्या काळी राष्ट्रीय अंतिम सामना पहिल्या दोन संघांतच होई. तेव्हा आणखी एक विजय मिळाला की पॅसडेनाच्या रोझ बाउलमध्ये मायामीशी गाठ, हे जवळजवळ ठरलेले. समोर होता तो ल्युइझिआना स्टेट, ज्याला टेनेसीने २९ सप्टेंबरला २६-१८ असे हरविलेले होते. ८ डिसेंबरला मध्यंतरापर्यंत टेनेसी १७-१० असा पुढे होता. प्रतिपक्षाचा क्वार्टरबॅक रोहन डेव्ही जायबंदी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला मॅट मॉक हा चेंडू फेकण्यापेक्षा तो घेऊन धावू लागला, आणि टेनेसी ३१-२० असा हरला. राष्ट्रीय अंतिम सामन्याची जागा नेब्रास्काला गेली. या संघाला नोव्हेंबरात कोलोरॅडोने ६२-३६ असे झोडपले होते आणि तो आपल्या मंडळाच्या अंतिम सामन्यातही नव्हता.

टेनेसी थकून हरला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु प्रतिपक्षही आदल्या शनिवारी तितकाच महत्त्वाचा सामना खेळून आलेला होता, हे विसरता येत नाही. मला मनाच्या थकव्याचे कारण अधिक पटते. तीस वर्षांत जे जमले नव्हते ते साधल्यावर सातच दिवसांत पुन्हा तितकीच उभारी आणावयाची, हे विशीतल्या मुलांकडून मागणे सोपे नाही. मूळ वेळापत्रकात या दोन सामन्यांमध्ये अकरा आठवड्यांचे अंतर होते.

तारखेबरोबर जागाही बदलली तर काय होते, हे २०१६ साली दिसले. मॅथ्यू नावाचे चक्रीवादळ ऑक्टोबरात फ्लॉरिडाच्या किनाऱ्याकडे आले आणि ८ तारखेचा फ्लॉरिडा विरुद्ध ल्युइझिआना स्टेट हा सामना थांबवावा लागला. दोघांना सोयीचा मोकळा शनिवार नव्हता. अखेर दोघांनी १९ नोव्हेंबरचे आपापले दुबळ्या संघांशी ठरलेले सामने रद्द केले आणि फ्लॉरिडाने घरचा सामना बॅटन रूजला जाऊन खेळण्याचे मान्य केले. बदल्यात पुढच्या वर्षीचा सामना गेन्सव्हिलला. घरचे मैदान घालविलेला संघ हरेल असे वाटत होते. प्रत्यक्षात शेवटच्या चालीला एक यार्डावर प्रतिपक्षाला अडवून फ्लॉरिडा १६-१० असा जिंकला आणि मंडळाचा पूर्व विभाग त्याने पटकावला. बदललेले वेळापत्रक कोणाला फळेल याचा अंदाज शहाण्यांनी बांधू नये.

आता एका संघाचा सबंध हंगाम घेऊन पाहू. २०१७ सालचा फ्लॉरिडा स्टेट, वर आलेल्या फ्लॉरिडाहून निराळा, टॅलहासी येथील. १९८२ पासून एकही वर्ष या संघाचे बाउल सामन्याविना गेले नव्हते. २ सप्टेंबरला पहिलाच सामना अलाबामाशी झाला. तो हरलाच, शिवाय क्वार्टरबॅक डिऑन्ड्रे फ्रान्स्वा गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी गेला. पुढे ९ तारखेला लुइझिआना-मनरो या दुबळ्या संघाशी सामना होता. दुबळ्या संघांना पैसे देऊन घरी बोलवावयाचे हा तेथील रिवाजच आहे. मोठ्या संघाला हुकमी विजय मिळतो, लहान विद्यापीठाच्या क्रीडाविभागाची वर्षाची बेगमी होते. नवख्या क्वार्टरबॅकची भीड चेपण्यास याहून चांगली संधी नव्हती.

इर्मा चक्रीवादळाने तो सामना रद्द झाला. १६ सप्टेंबरचा मायामीशी होणारा सामना ७ ऑक्टोबरला गेला. परिणामी जेम्स ब्लॅकमन हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी क्वार्टरबॅक म्हणून प्रथम उतरला तो थेट २३ सप्टेंबरला, आणि तोही नॉर्थ कॅरोलिना स्टेटसारख्या कसलेल्या संघापुढे. सामना २७-२१ असा गेला. मायामीचा सामना शेवटची सहा सेकंदे उरली असताना गेला, २४-२०. आणि या सरकवासरकवीत मोकळे शनिवार सगळे वादळाच्या तीन आठवड्यांत खर्ची पडले होते. २३ सप्टेंबरपासून पुढे अकरा आठवडे, अकरा सामने, मध्ये विसावा नाही.

२५ नोव्हेंबरला फ्लॉरिडाला हरविल्यावर संघाचे पाच विजय व सहा पराभव झाले. सहावा विजय आणावयाचा कोठून? सप्टेंबरात वाहून गेलेला मनरोचा सामना २ डिसेंबरला पुन्हा उभा केला गेला. आदल्या दिवशी प्रशिक्षक जिंबो फिशर दुसऱ्या विद्यापीठाकडे निघून गेला. हंगामी प्रशिक्षक ओडेल हॅगिन्स याच्या हाताखाली संघ ४२-१० असा जिंकला, सहा विजय भरले आणि छत्तिसाव्या वर्षाचा बाउल सामनाही झाला. नियमात बसणारीच ही गोष्ट होती. तरी सप्टेंबरात जो सामना सरावादाखल ठेवला होता तो डिसेंबरात अब्रूचा होऊन बसला, हे गमतीचे खरे.

२०२० च्या महामारीत तर एकेका सामन्याचा नव्हे, सगळ्याच पंचांगाचा चुराडा झाला. ‘बिग टेन’ मंडळाने ११ ऑगस्टला शरदातले सामने पुढे ढकलले, १६ सप्टेंबरला तो निर्णय फिरविला आणि ऑक्टोबरअखेर खेळ सुरू केला. आठ आठवड्यांत आठ सामने, मोकळा शनिवार एकही नाही. एक सामना बुडाला की तो बुडालाच. ओहायो स्टेटचे पाचच सामने झाले आणि अंतिम सामन्यासाठी सहांची अट होती. शेवटी मंडळाने ती अटच काढून टाकली. इतके थोडे खेळलेल्या संघाला मान देणे क्लेम्सनच्या प्रशिक्षकाला पटेना व त्याने आपल्या मतपत्रिकेत ओहायो स्टेटला अकरावा क्रमांक दिला. उपांत्य सामन्यात ओहायो स्टेटने त्याच क्लेम्सनला ४९-२८ असे हरविले. ताज्या पायांचा विजय, असे लोक म्हणू लागले. पण अंतिम सामन्यात आपला तेरावा सामना खेळणाऱ्या अलाबामाने आठवा सामना खेळणाऱ्या ओहायो स्टेटला ५२-२४ असे लोळविले. विश्रांतीचा सिद्धांत असा दहा दिवसांत दोन्ही बाजूंनी सिद्ध झाला!

त्याच वर्षी कोस्टल कॅरोलिनाचा ५ डिसेंबरचा प्रतिपक्ष आजारामुळे येऊ शकला नाही. गुरुवारी ठरले की त्याऐवजी ब्रिगम यंग विद्यापीठाचा संघ यूटाहून देशाच्या दुसऱ्या टोकाला यावा. आठवडाभराची तयारी दोन दिवसांत उरकून, तोवर नऊही सामने जिंकलेला हा संघ खेळला आणि एका यार्डाने अडून २२-१७ असा हरला. तेथील जाणकार तो सामना अजून आवडीने आठवतात. राष्ट्रीय संघटनेने त्या वर्षीचा हंगाम खेळाडूंच्या चार हंगामांत धरू नये असे ठरविले. चौघांतले एक वर्ष अशा वेळापत्रकावर घालविणे न्यायाचे नाही, ही त्यामागील कल्पना मला योग्य वाटते.

वादळ आणि रोगराई यांना कोणी आवरू शकत नाही. परंतु अलीकडे वेळापत्रक बदलते ते अधिक करून माणसांच्या इच्छेने, आणि त्यामागे दूरचित्रवाणीचा पैसा असतो. सामना दुपारी की रात्री, हे कित्येकदा सहा दिवस आधी ठरते; मग प्रवास, निजणे आणि सोमवारचा वर्ग त्यामागून फरफटत येतात. २०२४ मध्ये बिग टेन मंडळ अठरा संघांचे झाले. आता न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत एकच मंडळ आहे, आणि तीन तासांच्या घड्याळी फरकाचा प्रवास हा त्याच्या कार्यक्रमपत्रिकेचा नित्य भाग झाला आहे. वादळाने गेलेला शनिवार एका वर्षापुरता जातो. हा फरक दर वर्षी भोगावा लागणार.

ज्यांना कोणी बरोबर घेतले नाही त्यांचे हाल निराळे. पश्चिम किनाऱ्यावरील बारा विद्यापीठांच्या मंडळातून त्याच साली दहा बाहेर पडली. उरली दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोघांच्या मंडळाचे वेळापत्रक ते काय असणार? बाहेरून सामने गोळा करता करता २०२५ च्या हंगामात हे दोघे एकमेकांशीच दोनदा खेळले, एकदा कॉर्व्हॅलिसला नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस आणि एकदा पुलमनला त्याच महिन्याच्या एकोणतिसाव्या तारखेस.